कवन कोण उचलणार?

२६ डिसेंबर

माफ कर, वही, फार उशीर झाला. नाताळाच्या कितीतरी आधीपासून एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसलो की एकच गोष्ट डोक्यात यायची, आणि नेमकी तीच लिहायची नव्हती.

आज लिहून टाकतो. नाचघरात फेर होता, सगळं गाव हात धरून गात नाचत होतं. हेइनीदादा गेल्यानंतरचा पहिला. आमच्या गावचं आंधळ्या नावाड्याचं कवन कुणीच उचललं नाही, पहिलं कडवं कुणाच्या तोंडून निघालं नाही. आधी बाबा उचलायचे, मग दादा. ध्रुवपद सगळ्या गावाला येतं. शंभरावर कडवी आहेत, ती फक्त दादाला यायची. आणि मला.

मी काय केलं? बुटाची नाडी बांधली. बराच वेळ बांधली.

घरी येताना मालान म्हणाली, "नाडी सुटली होती की धीर?" एवढी वर्षं संसार केला की बायको अशी बोलते.

२८ डिसेंबर

सान्ना वहिनी आली होती. दादाच्या माघारी पहिल्यांदाच आमच्या टेबलाशी बसली. कॉफी घेतली. मग एकदम म्हणाली, "सामल, फेब्रुवारीत मी बेट सोडून डेन्मार्कला चालले. लेकीकडे, आल्बोर्गला. कायमची."

मी साखर पुढं केली.

"जायच्या आधी एकदा नावाड्याच्या फेरात नाचायचंय," ती म्हणाली. "एकदाच. तुला येतं ना सगळं?"

"येतं तसं... पण गळा बरा नाही."

मालान भांडी घासत होती. वळलीसुद्धा नाही. "त्याच्या गळ्याला काय होणार गं? जन्मभर फक्त कुरकुरायला वापरलाय. नवाकोरा आहे."

एरवी वहिनी यावर खो खो हसली असती. आज नुसता कप उचलून मालानकडे घासायला दिला. दादा गेल्यापासून ती हसतच नाही.

२९ डिसेंबर

ठरलं. सहा जानेवारीच्या फेरात उचलायचं. नक्की!

६ जानेवारी

नाही उचललं.

७ जानेवारी

काल काय झालं ते नीट लिहितो, म्हणजे लाज पूर्ण होईल. एक कवन संपलं, पाय चालूच होते, मध्ये शांतता पडली. हीच वेळ असते. कुणीही उचलावं, परवानगी लागत नाही. वहिनी समोरून माझ्याकडे बघत होती. मी फेरातून सुटलो आणि केकच्या टेबलाकडे गेलो. तोंडात केक असल्यावर माणूस गाणार कसा?

तेवढ्यात शेजारच्या रासमुसनं त्याचं नेहमीचं कवन सुरू केलं. तो कायम तयारच असतो. आवाज बैलाचा, पण लाज नाही त्याला. देवानं वाटणी बरोबर केली नाही.

मालान जवळ येऊन म्हणाली, "हा तिसरा तुकडा. भीतीला भूक लागते वाटतं."

१३ जानेवारी

मला कशाची भीती वाटते? खरं सांगतो, इथं कोण ऐकतंय. समुद्रावर असताना लाट डेकवरून गेली तरी मी दोर सोडला नाही. पण तिथं हातात दोर असायचा! फेरात दोन्ही हात दुसऱ्यांच्या हातात. वाद्य नाही, काही नाही, नुसते पाय आणि गळा. मध्येच कडवं आठवलं नाही तर कुठं जायचं? घामसुद्धा पुसता येत नाही. शाळा अर्धवट सोडली ती असल्याच भीतीपायी. मास्तर उभं करायचे आणि माझं तोंड बंद व्हायचं. एकाच खोलीची शाळा, दादा मागच्या बाकावरून हळूच सांगायचा.

आता मागच्या बाकावर कोण आहे?

२० जानेवारी

सराव सुरू केला. घरात नाही. मेंढ्या बघायला डोंगरावर जातो आणि उतरताना म्हणत येतो. अंधाराच्या आत घर गाठायचं म्हणून पाय उचलून चालावं लागतं, पण कडवी येतात. सगळी येतात! वाऱ्यात आवाज विरून जातो, कुणाला कळत नाही. मेंढ्या मात्र दूर जाऊन उभ्या राहतात.

२३ जानेवारी

कळलं. सगळ्यांना कळलं. आज दुकानात रासमुस म्हणतो, "काय सामल, डोंगरावर रोज कुणाशी भांडतोस?"

"मेंढा आजारी आहे," मी म्हणालो.

"असं होय! मग त्याला म्हणावं, जरा खालच्या पट्टीत घे."

दुकानातले सगळे डब्यांवरची लेबलं वाचायला लागले. हसू दाबायची ही आमच्या गावची रीत. परत डोंगरावर जाणार नाही.

३१ जानेवारी

गेलो नाही. वारा होता.

४ फेब्रुवारी

वारा नव्हता. तरी गेलो नाही. गुडघा.

९ फेब्रुवारी

वहिनी आली. दादानं वाळत टाकलेली मेंढ्याची तंगडी घेऊन आली. "विमानात कुठं नेऊ? तुम्हीच खा," म्हणाली. दादाच्या हातची ही शेवटची. मालाननं ती घेतली आणि आत निघून गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

वहिनी दारात बूट घालताना म्हणाली, "सोमवारी शेवटचा फेर. गुरुवारी माझं विमान."

"मला माहीत आहे."

"मी तुझ्या उजव्या हाताला उभी राहणार आहे. तू गा, नाहीतर केक खा. मी तिथंच असेन."

पुढच्या सोमवारनंतर उपासाचे दिवस. मग उन्हाळ्यापर्यंत फेर नाही. म्हणजे आता पळायला जागाच उरली नाही. ती गेली आणि मी टोपी घालून तडक डोंगरावर गेलो. मेंढ्यांनी मला ओळखलं असावं. आधीच लांब गेल्या.

१६ फेब्रुवारी, सकाळ

पोटात कळ येते आहे. मालान म्हणते, "ती कळ नाही, ते पहिलं कडवं आहे. बाहेर काढ, बरं वाटेल."

१७ फेब्रुवारी

उचललं!!

कसं ते मलाही ठाऊक नाही. रासमुसचं संपलं. शांतता. पाय चालू. वहिनीचा हात माझ्या हातात, गार. मला वाटलं, आता कुणीतरी गाईल. आणि मग ऐकतो तर मीच गात होतो! बोकडासारखा आवाज. पण सगळ्यांनी ध्रुवपद असं उचललं की नाचघराच्या फळ्या थरथरल्या.

आणि मग घोळ! मी सराव केला उतरणीवर, झपाझप चालताना. तोच वेग डोक्यात बसलेला. सावकाश कसं म्हणतात तेच आठवेना. फेराला दोन पावलं पुढं, एक मागं घ्यायचं असतं, पण मागं यायला कुणाला वेळच मिळेना. म्हातारेकोतारे धावायला लागले. मालानचा खांद्यावर पिनेनं अडकवलेला रुमाल सुटला. पलीकडून रासमुस ओरडला, "अरे, नावाडी आंधळा आहे! घोड्यावर नाही बसलेला!"

सगळा फेर हसत सुटला. गात, धापा टाकत, हसत. आणि माझ्या उजवीकडे वहिनी हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! हात धरलेले, पुसता येईना.

थांबलो असतो तर मेलो असतो. पण वहिनीनं माझा हात खाली ओढला आणि पाय असा दाबून टाकला की मला तिच्याबरोबरच टाकावा लागला. परत दाबला. परत. हळूहळू दादाचा वेग आला. दादा पाय असाच टाकायचा, जड, मुरलेला.

पुढं सगळं शांत झालं. नावाडी भोवऱ्यातून होडी काढतो तिथं कुणी हसत नाही. वहिनी माझ्या मागोमाग, एक शब्द मागे राहून, पुटपुटत होती. इतकी वर्षं फेरात ध्रुवपदापलीकडे तिनं तोंड उघडलेलं मी पाहिलं नाही. वाटलं, दादाशी बोलतेय. मी तिच्याकडे बघितलं नाही.

शेवटच्या कडव्यापर्यंत गेलो. एकही सुटलं नाही.

घरी मालाननं मला घाम पुसायला स्वतःचा रुमाल दिला. आज सकाळी मात्र म्हणाली, "माझी पोटरी धरलीय. नावाडी कुठला, मेंढरं हाकणारा!"

१९ फेब्रुवारी

वहिनी गेली. निघताना माझा हात धरून म्हणाली, "बरं केलंस." तिला हवं होतं ते मिळालं. मलाही सुटल्यासारखं वाटतं. झालं एकदाचं. आता नावाड्याला झोपू दे.

१४ एप्रिल

वहिनीचा निरोप आला. मालाननं वाचून दाखवला, मी तिला दोनदा वाचायला लावला.

"सामल, इथं आपल्या बेटांवरची माणसं शुक्रवारी एका शाळेच्या हॉलमध्ये फेर धरतात. गेल्या वेळी शांतता पडली. कुणी उचलेना, म्हणून मी नावाडी उचलला. आवाज कापत होता, पण भोवऱ्यापर्यंत नेलं. तुझ्या शेजारी उभी राहिले ती कडवी शिकायलाच, पण एकदाच मागोमाग म्हणून सगळं कुठलं लक्षात राहायला! पुढचं अडलंय. माणसं होडीत बसून आहेत. उरलेली कडवी या शुक्रवारच्या आत पाठव. लवकर कळव!"