सुटकेच्या नोंदीवरचा अंगठा

११ ऑगस्ट
सुनीलला जाऊन चौतीस दिवस. माहिती अधिकाराचा अर्ज त्याची पत्नी म्हणून रजिस्टर पोस्टाने टाकला. त्या संध्याकाळची पोलीस ठाण्याची डायरी, कॅमेऱ्याचं चित्रण, आणि मूळ वही डोळ्यांनी बघायची परवानगी मागितली. चाकणला कंपनीच्या गेटवर भांडण झालं, तिथून उचलला त्याला. पोलीस म्हणतात साडेनऊला धडधाकट सोडला, पुढे हायवेवर गाडीने उडवलं.
अर्जावर थेरगावच्या घराचा पत्ता लिहिताना हात थांबला. पण लिहावा लागतोच.

१९ ऑगस्ट
कामावरून आले तर दारात पोलिसाची मोटरसायकल. आत हवालदार, सासूबाईंनी खुर्ची दिलेली, चहा दिलेला.
"सूनबाई लई शिकलेल्या दिसतात, मावशी." मग माझ्याकडे बघून, "या ताई. निघालोच होतो."
तो गेल्यावर बघितलं, सासूबाईंचा अंगठा निळा.
"म्हनला, कागद पोचल्याची खूण द्या."
कागदाची प्रत ठेवून गेलाय. 'माहिती मिळाली, समाधान झाले, तक्रार नाही.' माहितीची एक ओळ नाही.
"दारी आलेल्या मानसाला नाही कसं म्हनावं बाई?"
रागावता आलं नाही.

२० ऑग.
ठाण्याला पत्र टाकलं. अर्जदार मी आहे, अंगठा माझा नाही. सासूबाई खोबरेल लावून बोट घासत बसल्यात. नखाच्या कडेचं निळं निघत नाही. बघून मला कसंतरी झालं, का ते कळेना.

२८ ऑग.
मोटरसायकल आज दोनदा गल्लीतून गेली. खिडकी लावून घेतली.

९ सप्टें.
उत्तर आलं. कॅमेरा नादुरुस्त. डायरीत, '९.३० वा. सोडले, प्रकृती ठीक.' सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा.
सुनील आयटीआय झालेला. कंपनीत तपासणीच्या कागदांवर रोज वीस सह्या करायचा.
शेवटच्या आंघोळीआधी त्याचे हात मी पुसले होते. डावा अंगठा निळा होता. मला वाटलं कंपनीतला रंग. स्वच्छ जावा म्हणून खोबरेल लावून नखाच्या कडेपर्यंत घासलं.
पुसून टाकलं. मीच.

११ सप्टें.
फोन. तोच हवालदार. "सोमवारी अकराला वही बघायला या, ताई. एकट्याच या, गर्दी नको."
सासूबाईंना अंगठ्याचं सगळं सांगितलं. वाटलं, आता पुरे कर म्हणतील. मलाही तेच ऐकायचं होतं बहुतेक.
बराच वेळ स्वतःचा अंगठा बघत राहिल्या. मग, "मी येते. मला माझा अंगठा माघारी मागायचाय."

१३ सप्टें., रविवार
कागदांच्या प्रती शेजारच्या घरी ठेवायला दिल्या. सासूबाईंनी उद्याचं लुगडं काढून ठेवलंय.
दुपारचे चार. गल्लीत मोटरसायकल आली. दारापाशी थांबली. इंजिन बंद केलेलं नाही.
सासूबाई चहाचं पातेलं घ्यायला उठल्या नाहीत.