रोटाबाहेरचं रक्त

असोदा,
कानबाई विसर्जनानंतरचा बुधवार

चि. सौ. भिकूस तुझ्या उखर्डूभाऊचे भरभरून आशीर्वाद. किरणरावांना माझा नमस्कार सांग. त्यांचा गुडघा आणि त्यांचा राग, दोन्हींना उतार पडला असेल असं धरून चालतो. मयुरी पोलीस भरतीसाठी रोज सकाळी मैदानावर पळते आणि मुलांनाही मागे टाकते, हे तू मागच्या फोनवर सांगितलंस तेव्हा मामा म्हणून माझी छाती फुगली. (छातीचा विषय पुढे येणार आहेच.) इकडे तुझी वहिनी बेबाबाई, भूपेंद्र, सूनबाई चारुलता, आपला धाकटा भाऊ प्रेमराज आणि त्याच्या घरची मंडळी खुशाल आहेत. मीही खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे पहिलं कारण. मी 'अगं, ऐक तरी' म्हणेपर्यंत तुझं 'बठ्ठं ठीक शे' होतं आणि फोन बंद. (लग्न होऊन धुळ्याला गेलीस आणि दोन वर्षांत तुझी भाषा तिकडची झाली, 'सगळं'चं 'बठ्ठं' झालं. आईला त्याचं फार वाईट वाटायचं. मला गंमत वाटायची.) पत्राला मध्येच तोडता येत नाही. दुसरं कारण असं की यातली आबांची गोष्ट तोंडाने सांगायला गेलो तर मला रडू फुटेल, आणि साठी उलटलेल्या भावाने फोनवर रडावं हे बरं दिसत नाही. म्हणून सावकाश लिहितो, तूही सावकाश वाच. हातातलं काम बाजूला ठेवून वाच.

सुरुवात मांजरीपासून करावी लागेल. आमची शेठाणी तुला माहीत आहे. चारुलतेने माहेराहून आणलेली, पांढरी, माझ्या गादीवर माझ्या आधी बसणारी. दूध गार असलं तर ती भांड्याकडे पाहते आणि मग बेबाबाईकडे पाहते, आणि बेबाबाई, जिने मला आयुष्यात कधी चहा दुसऱ्यांदा गरम करून दिला नाही, ती उठून दूध गरम करते. तर ही शेठाणी उन्हाळ्यात एका दुपारी तोंड उघडून कुत्र्यासारखी धापा टाकायला लागली. बेबाबाई म्हणाली ऊन लागलं. तिने कांदा ठेचून मांजरीच्या पंजांना चोळला. शेठाणीने तो अपमान मुकाट्याने सहन केला, त्यावरूनच चारुलतेने ओळखलं की दुखणं मोठं आहे. तिने मोटरसायकल काढली, मांजरीला बाजाराच्या पिशवीत घातलं, पिशवी माझ्या मांडीवर दिली आणि आम्ही तिघं जळगावला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पोहोचलो. सारिका त्यांचं नाव. पोरगी वयाने आपल्या मयुरीपेक्षा थोडीच मोठी असेल, पण हात मोठा शांत.

दवाखाना वरच्या मजल्यावर. जिना चढून गेलो तेव्हा पिशवीत शेठाणी धापा टाकत होती आणि पिशवीबाहेर मी. डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. मला खुर्ची दिली आणि मांजरीला टेबल. छातीवरचे थोडे केस काढून, चिकट औषध लावून, तिच्या हृदयाची सोनोग्राफी केली. मग आम्हाला पडद्यावर समजावून सांगितलं, की हृदयाला वर दोन आणि खाली दोन कप्पे असतात. (शाळेत खालच्यांना जवनिका म्हणायचे. मला तेव्हा ते एखाद्या मास्तरांच्या मुलीचं नाव वाटायचं.) शेठाणीच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड झाली आहे. भिंत जाड झाली की आतली खोली लहान होते, रक्त पुरेसं मावत नाही, आणि स्नायू ताठर झाल्यामुळे हृदयाला नीट सैल होता येत नाही. मग जरा धावपळ झाली की दम लागतो, भोवळ येते. मी सहज म्हणालो, मॅडम, अगदी माझंच वर्णन केलंत, शेताचा बांध चढलो तरी मला असंच होतं, पण माझं पित्त आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मी माणसं तपासत नाही, पण तुम्ही हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, घरी जाण्याआधी जा.

गेलो. तिथे विचारलं, तुम्हाला कोणी पाठवलं? मी म्हटलं, सारिकामॅडमनी. डॉक्टर म्हणाले, कुठे असतात या, ऐकलं नाही नाव. मी म्हटलं, मांजरांत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला आडवं केलं. तेच चिकट औषध, तोच पडदा, आणि भिकू, तीच भिंत. इतकी वर्षं ज्याला मी पित्त समजून बडीशेप चघळत होतो, ते हृदय होतं. आता शेठाणी आणि मी एकाच जातीची गोळी खातो, तिला चतकोर आणि मला अख्खी. बेबाबाईने मांजरीचाच संसर्ग झाला असं ठरवून गादी वेगळी केली. (मांजरीची नव्हे, माझी.) डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं तेव्हा कळलं, की मांजराचं माणसाला लागत नाही आणि माणसाचं मांजराला लागत नाही. बहुतेक वेळा हे ज्याचं त्याला त्याच्या रक्तातून येतं.

तर गोष्ट इथे येऊन पोहोचते. हृदयाच्या डॉक्टरांनी मला निक्षून सांगितलं, की रक्ताच्या सगळ्या माणसांची तपासणी करून घ्या. मला यात काही अवघड वाटलं नाही. आपल्या रक्ताचे कोण, हे आपल्या घरात दरवर्षी ठरलेलंच असतं. कानबाईच्या प्रसादाचा रोट करायला घरातल्या ज्याच्या नावाने गहू मोजून घेतो तो आपला, आणि रोट खाणाराही तोच. यंदा सगळे जमलेच होते. कानबाईचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी रोट खाणाऱ्या सगळ्यांना प्रेमराजच्या पिकअपमध्ये भरलं आणि जळगावला दवाखान्यात उतरवलं. प्रेमराज, त्याची बायको, त्यांचा मुलगा हितेंद्र, भूपेंद्र, चारुलता, बेबाबाई, आणि काठी टेकत धुरपदाकाकू. डॉक्टर बाहेर आले ते पाहतच राहिले. त्यांनी समजावलं, की सुना आणि सासवा यांचं रक्त वेगळं, त्यांना तपासायची गरज नाही. तेव्हा काकू भडकल्या. "मी साठ वर्सं रोट खाऊन राह्यले, अन् मले परकी म्हनता? मले बी लावा ते चिकट!" शेवटी लावलं. त्यांचं हृदय आम्हा सगळ्यांत चांगलं निघालं, तेव्हापासून त्या गावभर सांगत फिरतात.

भूपेंद्र आणि हितेंद्र सध्या चांगले आहेत, त्यांना अधूनमधून दाखवायचं आहे. पण प्रेमराजला निघालं. ज्या प्रेमराजला कधी दम लागला नाही, जो केळीचे घड दोन खांद्यांवर दोन घेऊन चालतो, त्याला. डॉक्टर म्हणाले, त्रास नाही म्हणून आजार नाही असं समजू नका, काहींना पहिला त्रास हाच शेवटचा असतो. तू आठव, आपल्या आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईने माझं नाव उखर्डू ठेवलं आणि तुझं भिकू, की उकिरड्यावरचं आणि भिकेतलं पाहून यमाने तोंड फिरवावं. प्रेमराजच्या वेळी तिची भीती मोडली होती, म्हणून त्याला चांगलं नाव मिळालं. यम नावं वाचत नाही, एवढंच यातून मला कळलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही भावंडं किती? मी म्हटलं, तीन. म्हणाले, इथे तर दोनच दिसतात. मी म्हटलं, बहीण धुळ्याला दिली. दिली म्हणजे? दिली म्हणजे लग्न करून दिली, ती आता आपल्या रोटात नाही. हे मी अगदी सरळ, गावात कोणाला सांगावं तसं सांगितलं, भिकू. त्यांनी आमची रांग पुन्हा एकदा पाहून घेतली. मग म्हणाले, नाना, रक्ताला तुमचं कन्यादान कळत नाही. भावजयीला आणलं, सुनेला आणलं, काकूंनाही आणलं, आणि पाठच्या बहिणीला सोडून आलात?

मला तिथे बसवेना. चाळीस वर्षं तुझ्या नावाचे गहू घेतले नाहीत, ते रीत म्हणून. पण ही तपासणी होती आणि मी तुला रीतीनेच गाळलं. त्यांनी तुझ्या लेकरांचं विचारलं. मी मोठ्या कौतुकाने मयुरीचं पळणं सांगितलं, तर ते खुर्चीतून पुढे सरकले. म्हणाले, तपासणी होईपर्यंत तिला एक फेरीसुद्धा पळू देऊ नका. जोरात पळणाऱ्या तरुण पोरांनाच यात जास्त धोका.

आबा केळीचा रुतलेला ट्रक ढकलताना पडले तेव्हा तू लहान होतीस. लोक म्हणाले, ऊन लागलं. कोणी म्हणालं, बाहेरचं काही लागलं. आपणही तेच धरून बसलो. त्यांना कधी दम लागलेला मला आठवत नाही. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते माझ्या आजाराच्याच कागदावर लिहून घेतलं, आणि मला बापाचं मरण एवढ्या वर्षांनी समजलं. मला ते पुन्हा बघायचं नाही, भिकू. तुझ्या घरात तर नाहीच नाही.

भरती पुढच्या वर्षीही होते हे मयुरीला सांग. किरणराव चिडतील, त्यांना माझं नाव सांग. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा
उखर्डूभाऊ

ता. क. वर शेठाणीबद्दल सगळीकडे 'आहे' असं लिहून गेलो, ते सवयीने. ती सोमवारी गेली. गोळी चालू होती, दूध पिऊन झालं होतं, खारीमागे अंगणात धावली आणि तिथेच आडवी झाली. बेबाबाईने दोन दिवस दूध तापवलं नाही.

पुन्हा ता. क. हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. तू 'बठ्ठं ठीक शे' असं उत्तर पाठवशील हे ठाऊक असल्यामुळे सकाळच्या एसटीने मीच घेऊन आलो आणि तू बाहेर आलीस की तुझ्याच हातात देणार आहे. हा मजकूरही तू चहा ठेवायला आत गेलीस तेवढ्यात तुझ्याच ओट्यावर बसून लिहिला. चहा राहू दे. इथल्या दवाखान्यात तुम्हा दोघींची वेळ ठरवून आलो आहे, आज चारची. मयुरी बाहेर येऊन काहीतरी शोधते आहे. तिचे पळायचे बूट माझ्या पिशवीत आहेत, आणि पिशवीवर मी बसलो आहे.