धाकट्या जावेची वेगळी चूल

मंगळवार, दिवेलागण

भूकंपात धाकट्या जावेचं घर पडलं. भोरहून आलेला कारकून जितक्या चुली तितक्या घरांना बांधणीची लाकडं देतोय, आणि म्या शहाणीनं काल मिरवून सांगितलं, "आमची चूल एकच!" विधवा झाल्यापासून ती माझ्याच चुलीवर जेवते ना. झालं, तिचं नावच यादीतनं गेलं. आमच्या पडवीत किती पावसाळे काढणार ती?

म्हणून आज आमी दोघी ठरवून भांडलो, कारकुनाला ऐकू जाईल असं. मी ओरडले, "जा, आपली चूल वेगळी मांड!"

ती म्हणाली, "मांडीन की! अक्का, तुमची आळणी आमटी गिळून जीभ मेली माजी."

सगळी आळी हसली. मीही हसणार होते, पण तिच्या डोळ्यांत पाणी. सोंगात एवढं पाणी येतं व्हय?

कारकुनानं तिची चूल वेगळी लिहिली. लाकडं मिळतील. पण ती अजून जेवायला आली न्हाई, आणि ते पाणी माझ्या डोळ्यांपुढनं हलत न्हाई. कारकून सकाळपर्यंत चावडीत मुक्कामाला, तवर मला तिला हाकही मारता येत न्हाई.

नातसूनबाई, लेखणी ठेव आता. ताट झाकून मागच्या अंगानं जा, आणि ती खरंच रुसलीय का, तेवढं बघून ये.