डुकरं हाकलायचा आवाज

१४ ऑक्टोबर २०२४
फेकलाच त्याने हेडफोन! दुकानात मोहित आला होता, त्याला ‘हॉलो सायलो’ ऐकवलं. अर्धं मिनिटही नाही. ‘अबे, याले कोणी मारून राह्यलं का?’ गाढवाला गुळाची चव काय! अख्ख्या कटंगीत मोबाईल दुरुस्त करायला माझ्याकडे येतात, पण हे ऐकायला कोणी नाही. ओहायोतला डेल नावाचा एकच माणूस हा बँड चालवतो. गिटार तोच, ड्रम तोच, घसा खरवडून काढलेली किंकाळीही त्याचीच. तिथेही त्याला कुत्रं विचारत नाही. म्हणून तो मला आपला वाटतो.

१७ ऑक्टोबर
डेलने नेटवर टाकलंय — ही शेवटची कॅसेट. ज्याला ओरडायचंय त्याने ओरडून पाठवा, शेवटच्या गाण्यात घेईन. माझा आवाज ओहायोत! पण ओरडू कुठे? घरात बाबा. माय चैतात गेली तेव्हापासून ते बोलतच नाहीत. ‘जेवले का?’ ‘हौ.’ संपलं दिवसाचं बोलणं. मी तरी कुठे बोलतो.

१९ ऑक्टोबर
सापडली जागा — आमचं वावर! धान भरलंय, डुकरं येतात. सांजेला बाबा त्या टोकाला, मी या टोकाला. हाकलायला ओरडावंच लागतं, मग मी डेलसारखा ओरडलो. शेजारच्या वावरातले तेजरामकाका बांधावरून, धुऱ्यावरून म्हणाले, ‘वा रे कुसल! डुकरंच काय, वाघ बी पळन!’ चला, एक तरी श्रोता मिळाला.

२४ ऑक्टोबर
मोबाईल धुऱ्यावर ठेवून रेकॉर्ड केलं. पाठवलं. घसा बसला.

१ नोव्हेंबर
दिवाळी. बाबांनी सोनपापडीचा डबा आणला. दोघांनीही उघडला नाही.

३ नोव्हेंबर
डेलचं उत्तर! तुझा आवाज बरा आहे म्हणे — पण मागे लांबून ओरडतो तो कोण? मला तोच हवा.

तेजरामकाकाच असणार, दुसरं कोण! असा राग आला! तेजरामकाका कॅसेटवर आणि मी बाहेर?

मग हेडफोन लावून ते रेकॉर्डिंग ऐकलं. मी जोर लावतो तिथेच, माझ्या आवाजाच्या आडोशाने तो सुरू होतो. माझा दम संपतो, तो लांबतच जातो. ‘शेवंताऽऽ!’

बाबा.

मायला जन्मभर ‘कुसलची माय’ म्हणणारे बाबा. आमच्याकडे बायकोचं नाव घेत नाहीत. त्यांच्या तोंडून ते नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि मी रडत होतो.

४ नोव्हेंबर
डेलला लिहिलं — तो आवाज मिळणार नाही. माझाही काढून टाक.

१३ नोव्हेंबर
धान कापून झालं, भारे खळ्यावर गेले. वावर मोकळं. आता ओरडायला निमित्तही उरलं नाही. बाबांना काही विचारलं नाही. कसं विचारणार!

१४ नोव्हेंबर
सांजेला बाबा टॉर्च घेऊन दारात उभे. ‘चाल कुसल, वावरात. डुकरं येतीन.’
‘हौ,’ म्हटलं.