आवाज आधी पोचला

ता. ५ ऑगस्ट

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

देवाच्या कृपेने इकडे सगळे खुशाल. तुम्ही म्हणाल, हातात फोन असून ही बाई अजून पत्रं लिहीत बसते. पण फोनचा डाटा मी मैनेच्या अभ्यासासाठी राखून ठेवते, तो गप्पांवर उडवायचा नाही. गप्पांना कागद आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमची लेक घरात दिवसभर टकळी चालू ठेवते आणि शाळेच्या फाटकात शिरली की तोंडाला कुलूप. दुसरीत आली, पण वर्गात अजून एक शब्द नाही. परवा मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. तोंडी परीक्षेपर्यंत बोलली नाही तर दुसरी शाळा बघा, म्हणाल्या. हे खाली मान घालून बसले आणि मी पदराचं टोक पिळत.

पण तिच्या वर्गाच्या बाई म्हणजे देवमाणूस. जिन्यात मला गाठून म्हणाल्या, घरी ती बोलते ना, मग तो आवाज फोनवर मला एकटीला पाठवा, मी कुणाला ऐकवणार नाही असा माझा शब्द तिला सांगा. तेव्हापासून मैना उशांचा वर्ग मांडते आणि नसलेला चष्मा नाकावर सरकवत एकेकीला दटावते. पाठवण्याआधी दर वेळी मला विचारते, फक्त बाईंनाच ना? आज आपणहून म्हणाली, आत्यालाही चालेल, पण आत्याच्या कानापुरतंच.

म्हणून एक तुकडा तुमच्या फोनवर पाठवला आहे. अट वर लिहिलीच आहे. एवढं सगळं फोनवर टाईप करायचं तर माझी बोटं वाकडी होतील. शिवणाच्या धबडग्यात जेवणाची आबाळ करू नका. तुमच्या लोभातला मोठा वाटा मैनेकडे वळवा, मला उरलेला पुरे.

आपली,
धाकटी भावजय


ता. ६ ऑगस्ट

चि. सौ. खजिनदारबाईंस,
अ. उ. आ.

तुझं पत्र यायचं तेव्हा येईल, मैनेचा आवाज मात्र काल दुकानातच आला. गिऱ्हाईक बाईंचं माप अर्ध्यावर सोडून ऐकला. ए उशी, तुझ्या आईला बोलावू का म्हणून काय दरडावते! हसता हसता टाचण्यांची डबी सांडली.

मग मला काही राहवेना. पोर मुकी आहे की काय, असं कुजबुजणाऱ्यांची तोंडं एकदाची बंद होऊ देत, म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला. तू त्यात नाहीस, डाटा वाचवतेस ना! आपला मधला, म्हणजे तुझे मोठे दीर, त्यांनी तर तिथल्या तिथे उलट आवाज पाठवला. सगळे खूश आहेत. तिला माझ्याकडून शाबासकी दे, आणि तू स्वतःला थोडी जप.

तुझी,
वन्सं


ता. ९ ऑगस्ट

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आधीच सांगते, मी रागावलेली नाही. तुम्ही केलंत ते मायेपोटी.

परवा सकाळी चहा घेताना ह्यांनी कौतुकाने तो ग्रुप उघडला आणि मोठ्याने लावला. मैना दप्तर भरत होती. आधी तिचाच आवाज आला आणि मागोमाग मोठे भावजी हसत म्हणाले, अगंबाई, मुकी मैना बोलायला लागली, आता तिकीट लावा! पाठोपाठ त्यांच्या मुलांनी केलेली नक्कल. वन्सं, तिने दप्तराची चेन लावली आणि जी गप्प झाली ती झाली. आता घरातही बोलत नाही. पाणी हवं तर पेल्याकडे बोट दाखवते. उशा पलंगावर रचलेल्या आहेत, वर्ग भरत नाही. शाळेत नव्हती बोलत तरी घर तिच्या आवाजाने भरलेलं असायचं. आता कुकरच्या शिट्टीनेसुद्धा दचकायला होतं.

यात चुकलं माझं. आवाज क्षणात पाठवला आणि त्याची अट टपालाने. चार शब्द टाईप केले असते तर बोटं झडली नसती. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय!

एवढं करा. सगळ्यांकडून तो आवाज पुसून घ्या, आणि तिला दोन ओळी तुम्हीच लिहा. मी बोलायला गेले की मान वळवते. देवापाशी मागणं चालूच आहे, पण सध्या तुमचाही आधार हवा.

आपली,
भावजय


ता. १२ ऑगस्ट

चि. मैनेस,
आत्याचा गोड पापा.

हे पत्र तुझं आहे. आईला वाचून दाखवायला सांग आणि मग तुझ्या दप्तरात ठेव.

तुझा आवाज तू माझ्या कानापुरता दिला होतास. मी तो तुला न विचारता सगळ्यांना वाटला. तुझा डबा कुणी तुला न विचारता वर्गभर वाटला तर? तसंच हे झालं. चूक आत्याची, तुझी नाही. सगळ्यांना फोन करून पुसायला लावलाय. तुझे काका कुरकुरले, नुसती गंमत होती म्हणाले. पण मी त्यांची थोरली बहीण, लहानपणी त्यांचे कान पिरगाळायचे, आज फोनवरून पिरगाळले.

आता मी माझा आवाज तुला पाठवणार आहे. तो फक्त तुझ्यासाठी, आईनेही ऐकायचा नाही. हे पत्र पोचलं की आईला मला अंगठ्याचं चित्र पाठवायला सांग, मगच पाठवीन. या वेळी आधी अट, मग आवाज. तू उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही. नाही दिलंस तरी आत्या तुझीच.

तुझी,
चुकलेली आत्या


ता. २० सप्टेंबर

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

कुठून सुरुवात करू? अंगठा पाठवला, तुमचा आवाज आला, आणि ही फोन घेऊन दाराआड जाऊन बसली. थोड्या वेळाने खुदकन हसली. मी आपली पाय न वाजवता जवळ गेले, तर हात आडवा करून म्हणाली, तू नाही ऐकायचं, फक्त माझ्यासाठी आहे! इतका गोड नकार मी जन्मात ऐकला नव्हता. मी तशीच देवापुढे जाऊन बसले.

तिने तुम्हाला काय उत्तर पाठवलं ते मला ठाऊक नाही. सांगूही नका.

मग बाईंनाही पुन्हा आवाज जायला लागला. एक दिवस बाईंनी तिला विचारलं, शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला ऐकवू? हिने हो म्हणून मान डोलावली. त्या मुलीने तिच्या आईच्या फोनवरून उत्तर पाठवलं. झालं! दोघी वर्गात शेजारी गप्प बसायच्या आणि संध्याकाळी आपापल्या घरून फोनवर तासभर किलबिलायच्या. राखून ठेवलेला डाटा त्यात गेला. ह्यांना आपणहून मोठा पॅक टाकायला सांगितला, तर ते घाबरून मला ताप आहे का बघायला लागले. आणि मग एक दिवस त्या मुलीने वर्गात रबर मागितलं, तर ही सगळ्यांसमोर म्हणाली, नाही देणार, तू परत करत नाहीस.

मोठ्या बाईंनी दुसऱ्या शाळेचा विषय सोडून दिला आहे. वर्गाच्या बाईंचे उपकार कसे फेडायचे, आणि तुमचेही, कळत नाही. फोनला मी नावं ठेवली, तीही आता परत घेते.

काल बाईंचा मेसेज आला. मैना वर्गात फार बडबड करते, शेजारच्यांचा अभ्यास होत नाही, घरी समज द्यावी. मी तो ह्यांना वाचून दाखवला, परत वाचला, डोळे पुसले. बाईंचा शब्द मोडायचा नाही, म्हणून संध्याकाळी मैनेला समोर बसवलं आणि चेहरा कडक करून समज द्यायला घेतली. पण वन्सं, कार्टीने मला एक शब्द बोलू दिला नाही!

तुमच्या मायेला कायमची बांधलेली,
भावजय