त्या पत्रातली ‘हर’ कोण?

टीचर, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि तुमच्यावरचा माझा संशय अजून गेलेला नाही. संशय घ्यायला शिकवलंत तुम्हीच. सांडोर गावातल्या तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघीच शिकायला असायचो, मी आणि स्टेशनकडून सायकलवर येणारी माझी मैत्रीण. माझ्या आईने पाठवलेली कच्ची केळी तुम्ही सोलत बसायचात आणि आम्ही मोठ्याने वाचायचो. एकदा वाक्य आलं, आईने मुलीला सांगितलं की ‘शी वॉज राँग’. तुमची सुरी थांबली. “चुकलं कोणाचं? आईचं की मुलीचं?” मैत्रीण लगेच म्हणाली, मुलीचं. मी म्हणाले, “आपल्यात आई सरळ बोलली असती, माझं चुकलं नाहीतर तुझं चुकलं. इथे कळतच नाही.” तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंत. “जवळ दिसते तीच ‘शी’ खरी, असं धरून चालू नको. प्रत्येकीला थांबवून विचार, बाई, तू कोण?” त्या बघण्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

बारावीच्या वर्षी मुंबईच्या एका कॉलेजात एक जागा होती, वसतिगृहासकट, शिक्षकांच्या शिफारशीवर मिळणारी. आम्हा दोघींसाठी तुम्ही एकच पत्र लिहिलंत आणि पाकीट माझ्या हातात दिलंत. “गोंद संपलाय. पोस्टात चिकटव आणि टाक.” पोस्टातल्या गोंदाच्या डबीपाशी उभी राहून मी पत्र बाहेर काढलं. वर तिचं नाव पहिलं, माझं दुसरं. खाली लिहिलं होतं, ‘द फर्स्ट गर्ल स्पीक्स बेटर दॅन द सेकंड, हू इज अ डार्क हॉर्स. इफ देअर इज ओन्ली वन प्लेस, प्लीज गिव्ह इट टू हर.’ पहिली दुसरीपेक्षा चांगलं बोलते, आणि दुसरी म्हणजे काळा घोडा. माझा रंग तुम्हाला ठाऊक होता, वाडीत राबून आणखी रापलेला. घोडा कशाला, तेही मी लावून टाकलं: ओझी वाहते म्हणून. मग एकच जागा असेल तर ‘हर’ला, म्हणजे तिला, द्या म्हटलंत ती पहिलीच, हे उघडच होतं. मी पत्र घडी करून दप्तरात ठेवलं आणि घरी आले.

कॉलेजचं उत्तर आलंच नाही. मुदत संपली तेव्हा मैत्रीण तुमच्या ओट्याशी उभी राहून रडली. तुम्ही भाताकडे बघत म्हणालात, “टपाल कधी कधी हरवतं.” एवढंच. मला विचारलं नाहीत, टाकलंस ना म्हणून. मी वाट बघत होते, खोटं तयार ठेवलं होतं. तेवढ्यात खिडकीत गोंदाची बाटली दिसली, अर्ध्याहून जास्त भरलेली. नंतर आणलेली, की तेव्हाही होती? मी वाचावं म्हणूनच पाकीट उघडं दिलं होतंत का? त्या दिवसापासून मी तुमच्याकडे येणं सोडलं. “टीचरनी दोनदा निरोप धाडला, जात का नाय?” आई विचारायची. मी पोट दुखतंय सांगायचे. तीन वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हा चर्चच्या फाटकापर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले. मैत्रीण इथल्याच कॉलेजात शिकून बँकेत लागली. मी सातिवलीला एका कारखान्यात पॅकिंगला.

आता कामणच्या एका गोदामाच्या ऑफिसात बसते, माल निघाल्याच्या इंग्रजी मेल लिहिते, आणि बाहेरून बी.ए. करते आहे, इंग्रजी साहित्य घेऊन. गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत वाचत होते, तर एका कथेत तोच घोडा भेटला. खाली टीप होती: ज्याच्याकडून कोणाचीच अपेक्षा नसते आणि जो सगळ्यांना मागे टाकू शकतो, असा माणूस. रंगाचा संबंधच नाही. पोळीचा घास हातातच राहिला. घरी येऊन कपाटातून तुमचं पत्र काढलं आणि मुलीला दाखवलं.

“अगं आई, ही ‘हर’ म्हणजे तूच. ऑब्व्हियस आहे.”

“तू माझी मुलगी. तू तसंच म्हणणार.”

मग नावं झाकून अभ्यासकेंद्रातल्या सरांना विचारलं. त्यांनी दोनदा वाचलं. “दोन्ही होऊ शकतं. लिहिणाऱ्यालाच विचारायला हवं.”

म्हणून तुम्हाला विचारते आहे. आमची एक ‘शी’ तुम्ही सैल सोडत नव्हतात, मग स्वतःचं हे वाक्य असं कसं सोडलंत? घाईत झालं, हे माझ्या मनाला पटत नाही. दोघींपैकी एकीला निवडायचं तुमच्या जिवावर आलं होतं? की मी ते कसं वाचते, हे बघायचं होतं? ‘हर’ मी असेन तर मी माझीच वाट अडवली. ती असेल तर तिची. मैत्रीण अजून बाजारात भेटते. “टीचर किती जीव लावायच्या ना आपल्याला,” म्हणते. मी मान हलवते आणि तिच्या तोंडाकडे बघत राहते, हिला काही कळलंय का म्हणून.

हे लिहिलेलं मी वहीतच ठेवणार आहे. तिला सांगेन की नाही, माहीत नाही. तुम्हाला मात्र एक सांगते. त्या दिवशी पोस्टात, तुम्ही मला दिलेला शब्दकोश दप्तरातच होता. तो उघडून बघावा हे मला सुचलं नाही, असं नाही. सुचलं होतं.