बाबांचं शेवटचं वाक्य

रविवार, संध्याकाळ. उंब्रज.

आईला ते आज ऐकवायला नको होतं का?

अर्धांगवायूनंतर बाबांचं बोलणं कुणालाच कळेना. पुण्यात आमच्या कंपनीच्या संशोधन विभागात मी असंच अडखळतं बोलणं संगणकाला समजावं म्हणून काम करते. त्यासाठी दोन वर्षं बाबा रोज मोबाईलवर बोलून आवाज रेकॉर्ड करत राहिले. दिवाळीआधी ते गेले. आणि असं बोलणं अक्षरांत उमटवणारं ते ॲप या आठवड्यात लोकांच्या फोनमध्ये आलं. शेजारच्या आक्कांनाही तोच आजार. दुपारी त्यांनी फोनमध्ये बोलून सुनेकडं भात मागितला. सून रडली. मला आनंद व्हायला हवा होता.

मग आई म्हणाली, "त्येंचं शेवटच्या दिवसाचं बोलणं हाय न्हवं तुझ्याकडं? लाव की."

त्या दिवशी बाबा एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होते. पाणी मागतायत, असं आम्हा दोघींना वाटलं. आई पाणी पाजत राहिली. ते मान फिरवायचे, ती पुन्हा पाणी पुढं करायची.

आज फोनवर अक्षरं उमटली : तू जेव आधी.

आईनं मला ते दोनदा वाचायला लावलं.

"त्या दिवशी सकाळपासनं मी जेवले न्हवते," ती म्हणाली. "मला वाटलं, त्येंच्या ध्यानातच न्हाई."